स्वप्न कोणाचें?

‘मनीं वसे तें स्वप्नीं दिसे’ ही म्हण मराठी घरांत लहानथोरांच्या तोंडीं असते. तिचा निर्वाळा सोपा वाटतो; परंतु ‘मनीं’ म्हणजे कोणाच्या मनीं, असा प्रश्न केला कीं तो सोपेपणा उरत नाहीं. विसाव्या शतकांतील मानसशास्त्रानें या प्रश्नाचीं दोन उत्तरें दिलीं. पहिलें व्हिएन्नांत, दुसरें इंग्लंडांत.

पहिलें उत्तर सिगमंड फ्रॉइड यांचें. त्यांचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरांत बाहेर पडला; प्रकाशकानें त्यावर साल मात्र १९०० घातलें. स्वप्नांत दिसतो तो केवळ दर्शनी आशय. त्याच्या पोटांत दडलेली इच्छा हा खरा आशय, असें त्यांचें प्रतिपादन होतें. झोंपेंतही मनाचा पहारा पुरता उठत नाहीं, म्हणून ती इच्छा वेष पालटून येते. अनेक माणसें एका आकृतींत मिसळतात. महत्त्वाचा भाव एखाद्या क्षुल्लक वस्तूवर जाऊन बसतो. १८९५ च्या जुलैंत खुद्द फ्रॉइड यांना पडलेलें एक स्वप्न ग्रंथांत नमुन्यादाखल उलगडून दाखविलें आहे. इर्मा नांवाची त्यांची रुग्ण पूर्ण बरी झाली नव्हती. स्वप्नांत ते तिला तपासतात, वैद्यमित्र भोंवतीं जमतात, आणि दोष निघतो तो एका मित्रानें दिलेल्या इंजेक्शनाचा! आपल्या माथीं दोष नसावा ही इच्छा स्वप्नानें पुरी केली, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. त्यासाठीं त्यांनीं स्वप्नाचा एकेक तुकडा घेऊन त्यासरशीं मनांत येईल तें लिहून काढलें. स्वप्न एकाचें, आणि आठवणीही त्याच्याच.

दुसऱ्या उत्तराचे जनक एस्. एच्. फोक्स. जर्मनींत जन्मलेले हे मनोविश्लेषक १९३३ सालीं इंग्लंडांत आले. दुसऱ्या महायुद्धांत बर्मिंगहॅमजवळील नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयांत त्यांनीं मनानें खचलेल्या सैनिकांवर समूहांत उपचार केले, आणि १९५२ सालीं लंडनमध्यें समूह-विश्लेषणाची संस्था स्थापन केली. या पद्धतींत सातआठ माणसें वर्तुळांत बसून मनमोकळें बोलतात. संचालक त्यांच्यांतच बसतो. फोक्स यांच्या मतें माणूस म्हणजे संबंधांच्या जाळ्यांतील एक गांठ. म्हणून समूहांत सांगितलेलें स्वप्न समूहाच्या मालकीचें होतें.

समजा, संचालकाच्या दीर्घ रजेपूर्वीं एका बाईंनीं सांगितलें कीं, स्वप्नांत आगगाडी भरधांव चालली होती आणि एंजिनावर चालक नव्हता. तें ऐकून एकाला लहानपणीं वारलेले वडील आठवतात. दुसरीला उगाच राग येतो. तिसरा गप्प होतो. मग हळूहळू उमगतें कीं, चालक सोडून जाणार ही भीति सर्वांनाच होती. ती बोलून दाखविण्याचें धैर्य कोणालाच नव्हतें. तें काम स्वप्नानें केलें.

उपचाराच्या खोलीबाहेरही याचा दाखला मिळतो. शार्लोटे बेराट या पत्रकार बाईंनीं १९३३ पासून १९३९ मध्यें देश सोडीपर्यंत जर्मनींतील लोकांचीं स्वप्नें गुप्तपणें टिपून ठेविलीं. १९६६ मध्यें तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. हिटलर सत्तेवर आल्यावर तिसऱ्याच दिवशीं एका कारखानदाराला पडलेलें स्वप्न त्यांत आहे. गोबेल्स कारखान्यांत आला आहे. कामगारांदेखत मालकाला सलामीसाठीं हात उंचवावयाचा आहे. आणि तो तसूतसूनें वर न्यावयाला अर्धा तास लागतो. ही लाज त्या एकट्याची खरीच. परंतु त्या हातावरचें ओझें सबंध राष्ट्रावर पडलें होतें.

येथें एक धोकाही संभवतो. सर्वांच्या उत्साहांत स्वप्न पाहणाराच मागें पडून त्याचें दुःख इतरांच्या तर्काखालीं दडपलें जाईल. म्हणून जाणता संचालक अर्थ सांगण्याची घाई करीत नाहीं. इतरांचें बोलणें झालें कीं तो स्वप्न ज्याचें त्याच्याकडे परत नेतो. फ्रॉइड यांची दृष्टि अशानें खोटी ठरत नाहीं, रुंदावते.

मन एकट्याचें असतें, तसेंच तें ज्यांच्यांत माणूस वावरतो त्यांचेंही असतें. तेव्हां पहाटेचें स्वप्न घरांत कोणी सांगूं लागलें, तर तें खरें होईल कीं खोटें हा वाद घालण्यापूर्वीं, त्यांत घरांतील कोणती न बोललेली गोष्ट बोलली गेली आहे, इकडे कान द्यावा हें बरें.