उड्डाण सिम्युलेटरवरील आपत्कालीन प्रसंगांचा सराव

इंजिन बंद पडणे, आग लागणे, केबिनमधील हवेचा दाब कमी होणे, प्रवासी गंभीर आजारी पडणे अशा प्रसंगांची जमिनीवर प्रतिकृती उभी करून वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणास उड्डाण सिम्युलेटरवरील आपत्कालीन सराव म्हणतात. नियोजित विमानतळाऐवजी दुसरीकडे उतरण्याचा, म्हणजेच विमान वळवण्याचा निर्णय हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे. विमान कंपन्यांच्या वैमानिकांना हा सराव ठरावीक मुदतीने करावा लागतो.

इतिहास

अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये पहिला यशस्वी उड्डाण प्रशिक्षक तयार केला. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील हवेच्या भात्यांचेच तंत्र त्यांनी यंत्र हलवण्यासाठी वापरले. १९३४ मध्ये टपालवाहतूक करणारे अनेक लष्करी वैमानिक खराब हवामानात मृत्युमुखी पडल्यावर अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली.

इंजिन बिघाडाचा सराव मात्र त्यानंतरही अनेक वर्षे खऱ्या विमानात होत असे. प्रशिक्षक एखाद्या इंजिनाची शक्ती मुद्दाम कमी करी आणि प्रशिक्षणार्थीने विमान सावरावे अशी अपेक्षा असे. ३० मार्च १९६७ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे डेल्टा एअर लाइन्सचे डीसी-८ विमान दोन इंजिने बंद असल्याचे गृहीत धरून उतरण्याचा सराव करताना कोसळले. विमानातील ६ आणि जमिनीवरील १३ जण ठार झाले. ज्या संकटापासून वाचण्यासाठी सराव करायचा, तेच संकट सरावामुळे ओढवत होते. सिम्युलेटरचा आग्रह धरला जाण्यामागे खर्चाइतकेच हेही कारण होते.

सरावाची पद्धत

आधुनिक पूर्ण सिम्युलेटरमध्ये विमानाच्या कॉकपिटची हुबेहूब प्रतिकृती सहा द्रवचालित अथवा विद्युत दट्ट्यांवर बसवलेली असते. प्रशिक्षक वैमानिकांच्या मागे बसून पडद्यावरून बिघाड, वारा, धुके इत्यादी निवडतो. सर्वांत परिचित सराव म्हणजे उड्डाणाचा निर्णायक वेग ओलांडताच इंजिन बंद पडणे. त्या वेगानंतर उर्वरित धावपट्टीत थांबण्याची खात्री नसते, म्हणून एका बाजूला खेचले जाणारे विमान सरळ ठेवून उड्डाण पूर्ण करावे लागते.

हवेचा दाब कमी होण्याच्या प्रसंगात वेळ फार थोडा असतो. ३५,००० फुटांवर प्राणवायूशिवाय माणूस साधारण अर्धा ते एक मिनिटच सुसूत्र कृती करू शकतो. त्यामुळे आधी स्वतःचा मुखवटा, मग सहकाऱ्याशी संपर्क आणि नंतर १०,००० फुटांपर्यंत उतरण हा क्रम अंगवळणी पाडला जातो. तिबेटसारख्या उंच पर्वतीय प्रदेशावर लगेच इतके खाली येता येत नाही. तेथे पूर्वनियोजित सुटकेचा मार्ग धरावा लागतो.

विमान वळवण्याचा निर्णय

सर्वांत जवळचा विमानतळ नेहमीच योग्य असतो असे नाही. धावपट्टीची लांबी, हवामान, विमानाचे वजन, अग्निशमन व वैद्यकीय सोय यांचा विचार करावा लागतो. याउलट, आटोक्यात न येणारी आग असल्यास हा सर्व विचार बाजूला ठेवून लवकरात लवकर उतरणे हेच उद्दिष्ट असते.

ही निर्णयप्रक्रिया सिम्युलेटरवर कशी बिघडते, हे एच. पी. रफेल स्मिथ यांनी नासासाठी केलेल्या आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. अनुभवी वैमानिक चमूंना बोईंग ७४७ च्या सिम्युलेटरवर न्यूयॉर्कहून लंडनकडे जाणारे उड्डाण देण्यात आले. वाटेत तेलाच्या दाबातील बिघाडामुळे एक इंजिन बंद करावे लागे. परतण्यासाठी इंधन टाकून वजन घटवावे लागे. त्यातच इतर बिघाड होत आणि केबिन कर्मचारी मधूनमधून लक्ष वेधून घेत. उड्डाणकौशल्यात चमूंमध्ये फारसे उणे नव्हते. फरक पडला तो कामाची वाटणी आणि परस्पर संवाद यांत. टाकावयाच्या इंधनाच्या हिशेबातही मोठ्या चुका झाल्या.

त्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून चमू-समन्वयाचे प्रशिक्षण रुजले. या सरावात उड्डाण सुरुवातीपासून अखेरपर्यंत सलग चालते. प्रशिक्षक मध्येच यंत्र थांबवत नाही. तो हवाई वाहतूक नियंत्रक व केबिन कर्मचाऱ्यांची भूमिका करतो आणि चर्चा शेवटी होते.

मर्यादा

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या उड्डाण २३२ च्या सर्व हायड्रॉलिक प्रणाली निकामी झाल्या. केवळ इंजिनांची शक्ती कमीजास्त करून विमान सू सिटी येथे आणले गेले व १८४ जण वाचले. नंतर इतर वैमानिकांनी सिम्युलेटरवर प्रयत्न केले असता, ठरलेल्या जागी सुखरूप उतरणे योगायोगावर अवलंबून असल्याचे व त्याचा सराव देणे व्यवहार्य नसल्याचे तपासातून स्पष्ट झाले.

१५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांच्या धडकेनंतर हडसन नदीत उतरवलेल्या एअरबस ए३२० च्या तपासातही असे प्रयोग झाले. धडकेनंतर क्षणार्धात वळल्यास सुमारे निम्म्या प्रयत्नांत विमानतळ गाठता आला. परिस्थिती समजून घेण्यासाठी ३५ सेकंद धरल्यावर केलेला प्रयत्न फसला. काय घडणार हे आधीच ठाऊक असलेल्या वैमानिकाची कामगिरी खऱ्या प्रसंगाशी ताडून पाहताना हा फरक विसरता येत नाही.

सिम्युलेटर त्यात भरलेल्या माहितीइतकाच विश्वासार्ह असतो. बोईंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांनंतर, त्या विमानाच्या सिम्युलेटरच्या संगणकप्रणालीत काही उड्डाणस्थिती नीट उतरत नसल्याचे बोईंगने मे २०१९ मध्ये मान्य केले.

हौशी वापर

घरगुती संगणकावरील मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन यांसारख्या प्रणालींतही बिघाड निवडण्याची सोय असते. व्हॅटसिम या हौशी नियंत्रकांच्या जाळ्यावर आपत्कालीन स्थिती जाहीर करता येते. मात्र नियंत्रकाने सांगितल्यास ती तत्काळ संपवावी लागते अथवा संपर्क तोडावा लागतो. अपहरणाचा संकेत ७५०० वापरण्यास तेथे मनाई आहे.