बुरशी कोणाच्या कुळातली?

आपल्या सभांतून ‘बुरसटलेले विचार’ हा शब्दप्रयोग हमखास ऐकू येतो. मीही तो पुष्कळदा वापरला आहे. मागे एका वसतिगृहात बोलताना तो असाच तोंडातून गेला आणि कार्यक्रम संपल्यावर सातवीतली एक मुलगी पुढे आली. तिने विचारले, “सर, बुरशी झाड असते का प्राणी?” मी शास्त्राचा निवृत्त शिक्षक. झटकन सांगितले, “झाडांतलीच, पण हरितद्रव्य नसलेली.” घरी येऊन नातवाचे पुस्तक उघडले, तर त्यात कवकांची सृष्टी वेगळीच दिलेली. म्हणजे त्या सभेत बुरसटलेले काही असेल तर ते माझे उत्तर होते. ते दुरुस्त करण्यासाठी हा लेख.

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तासाला शैवाल आणि कवक यांना एकाच गटात बसवीत. त्याला आधारही जुना होता. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली वनस्पतींची यादी केली तेव्हा अळंबी त्यातच घातली होती. अळंबी जागची हलत नाही, मातीतून वर येते, मग ती वनस्पतीच, हा हिशेब. पण वनस्पतीत बसवल्यावर तिचे वर्णन कसे करायचे? मूळ नाही, खोड नाही, पान नाही, फूल नाही, हरितद्रव्य नाही. आम्ही हे सगळे ‘नाही’ पाठ करून मार्क मिळवले. एखाद्याजवळ काय नाही एवढेच सांगणारी व्याख्या त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. मोजणाऱ्याच्या हातात कोणती पट्टी होती एवढेच तिच्यावरून कळते. वर्गवारी कोणी केली आणि कोणत्या मापाने, हा प्रश्न या नियतकालिकाच्या वाचकांना नवा नाही. शास्त्रातही तो विचारावा लागतो.

मग बुरशी स्वतः काय करते, ते पाहू.

पावसाळ्यात दोन दिवस झाकून राहिलेली भाकरी घ्या. तिच्यावर पांढरी लव दिसते, मग ती हिरवट-काळी होते. ही लव म्हणजे अतिशय बारीक तंतू. त्यांना कवकतंतू म्हणतात आणि त्यांच्या गुंत्याला कवकजाल. बुरशीचे शरीर ते हेच. हिरवा-काळा रंग येतो तो बीजाणूंचा. ते हवेबरोबर उडतात आणि ओल व अन्न मिळेल तिथे रुजतात. रंग दिसेपर्यंत तंतू भाकरीत आतवर गेलेले असतात, म्हणून वरचा डाग खरडून भाकरी चांगली होत नाही. पावसाळ्यात उकिरड्याशी दिसणारी कुत्र्याची छत्री हाही बीजाणू पसरवण्यापुरता वर आलेला अवयव. खरा जीव खाली मातीत, शेणात, लाकडात पसरलेला असतो. सर्वच कवके तंतूंची नसतात. पाव फुगवणारे यीस्ट एकेका पेशीचे असते.

आता आहार. झाड उन्हात स्वतःचे अन्न बनवते. प्राणी अन्न गिळतो आणि पोटात पचवतो. बुरशी याच्या उलट करते: आधी पचवते, मग घेते. तिचे तंतू पाचक रस बाहेर सोडतात, समोरचे अन्न जागेवरच विरघळवतात आणि तो रस शोषून घेतात. अमेरिकेच्या रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ साली सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या, तेव्हा बनवणारे, गिळणारे आणि शोषणारे हा भेद धरून कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली.

पेशीच्या आत पाहिले तर आणखी खुणा सापडतात. वनस्पतींची पेशीभित्तिका सेल्युलोजची असते, बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असते. खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचात असते तेच हे द्रव्य. वनस्पती शिल्लक अन्न पिष्टाच्या रूपात ठेवते. बुरशी ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते, आपल्या यकृतासारखी. पेशीच्या पडद्यात आपल्याकडे कोलेस्टेरॉल असते, तिच्याकडे त्याचाच भाऊबंद एरगोस्टेरॉल. १९९३ साली रेण्वीय पुरावा पुढे आला आणि नाते स्पष्ट झाले: कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. तेव्हा, मुली, बुरशी झाडही नाही आणि प्राणीही नाही. पण कूळ शोधत गेलीस तर ती आपल्या चुलत घरातली निघते.

हा केवळ नावांचा घोळ नाही. द्राक्षबागेत राबणाऱ्या कोणालाही विचारा. एकाच वेलीवर भुरीही येते आणि केवडाही येतो. दोन्ही पांढरट, दोन्हींना लोक बुरशीच म्हणतात. पण भुरी ही खरी बुरशी. केवड्याच्या जीवाची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची. तो शैवालांच्या एका शाखेचा नातलग. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक नासवणारा करपाही याच कुळातला. भुरीवरचे ट्रायझोल गटातले औषध एरगोस्टेरॉलची निर्मिती अडवते. केवड्याचा जीव एरगोस्टेरॉल बनवतच नाही, म्हणून ते औषध त्याच्यावर वाया जाते. रूपावरून ओळखले की खिशातला पैसा जातो आणि बागही जाते.

माणसाच्या अंगावर तर चूक याहून महाग पडते. जिवाणू आपल्यापासून फार दूरचे. पेनिसिलिन त्यांच्या भित्तिकेवर घाव घालते. तशी भित्तिका आपल्याला नाहीच, म्हणून आपले नुकसान होत नाही. बुरशी मात्र नात्यातली. तिला मारावे आणि आपल्याला लागू नये असे घाव मोजकेच. बहुतेक औषधे त्या एरगोस्टेरॉलवरच नेम धरतात. म्हणून नायटा-गजकर्णाचा उपचार आठवडेच्या आठवडे चालतो, आणि जिवाणूंवरच्या गोळ्या त्यावर चालत नाहीत. आमच्या भागात मी नेहमी पाहतो: खाज सुटली की माणूस दुकानातून मिश्र मलम आणतो. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. पण स्टेरॉइड बुरशीला मारत नाही, त्वचेचा प्रतिकार तेवढा दाबते. बुरशी आतून पसरत राहते, मग सगळ्या घराला लागते. एका खोलीत सहा-सात माणसे, एकच टॉवेल, कपडे वाळायला ऊन नाही, अशा घरात ती सहज फिरते. हा अस्वच्छ माणसांचा रोग नव्हे. ओल, गर्दी आणि चुकीचे मलम यांचा रोग आहे.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस झाला, तेव्हाही हेच. त्याला काळी बुरशी म्हणाले. पण काळी पडते ती रक्त न पोचून मेलेली माणसाची ऊती. या बुरशीचे बीजाणू एरवीही मातीत, हवेत असतात. बेताबाहेर गेलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक यांनी तिला दार उघडून दिले.

एवढे झाल्यावर तिची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. लाकूड ज्याच्यामुळे टणक होते ते लिग्निन पुरते कुजवणारे मुख्यतः कवकच. बहुतेक झाडांच्या मुळांशी कवकतंतू जोडलेले असतात. ते मातीतले स्फुरद झाडाला देतात आणि झाडाकडून साखर घेतात. आपल्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार.

शिक्षक मित्रांना एक विनंती. ओली भाकरी काचेच्या बरणीत घट्ट बंद करून वर्गात ठेवा. बरणी उघडू नका, आठवडाभर बाहेरूनच पाहू द्या. काय नाही ते विचारू नका, काय दिसते ते विचारा. आणि कार्यकर्त्यांनी वस्तीत एवढे सांगावे, की नायट्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मलम लावू नका आणि खाज थांबली म्हणून उपचार सोडू नका.

‘बुरसटलेले विचार’ मात्र मी आता म्हणत नाही. बुरशी जुने राखून ठेवत नाही. ती ते मोडून मातीला देते.