मालमत्ता, प्रवास आणि ग्रामजीवन : मिनांगकाबाऊ प्रदेशाच्या संदर्भात सफाळे परिसराचे विवेचन

ग्रामीण समाजाच्या अभ्यासात जमिनीची मालकी हा विषय बहुधा महसूल व कायद्याच्या अंगाने, तर प्रवास हा विषय स्थलांतराच्या अंगाने हाताळला जातो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकाच घरात सोडविले जात असतात. घरातून बाहेर कोण पडतो, मागे कोण राहतो आणि जमिनीच्या कागदावर नाव कोणाचे लागते, या तीन गोष्टींचा परस्परसंबंध तपासण्यासाठी इंडोनेशियातील पश्चिम सुमात्राचा डोंगराळ प्रदेश आणि पालघर तालुक्यातील सफाळे परिसर यांची तुलना उपयुक्त ठरते.

बुकिटिंग्गी शहराच्या आसपासच्या पठारी गावांतून वसलेला मिनांगकाबाऊ समाज हा जगातील सर्वांत मोठा मातृवंशीय समाज मानला जातो. धर्माने तो मुस्लिम आहे. मात्र कूळ आईकडून चालते आणि वडिलोपार्जित, किंबहुना मातुलोपार्जित म्हणावी अशी भातखाचरे व घर कुळाच्या स्त्रियांकडे राहतात. शिंगांप्रमाणे टोके उंचावलेल्या छपराच्या 'रुमा गदांग' म्हणजे मोठ्या घरात आजी, तिच्या मुली व नाती यांचा परंपरेने वास असे. नवरा हा त्या घरात रात्रीपुरता येणारा पाहुणा. त्याला तेथील म्हणीत खुंटावरच्या राखेची उपमा दिली जाते. वारा आला की ती उडून जाते. वयात येऊ लागलेला मुलगा घरात न झोपता 'सुराऊ' या प्रार्थनागृहात झोपत असे आणि पुढे नशीब काढण्यासाठी परगावी जात असे. या परगावी जाण्याला 'मरांताऊ' म्हणतात. इंडोनेशियाच्या शहराशहरांतून आढळणाऱ्या पादांग खाणावळी हे या प्रवासाचेच फलित होय.

मातृवंशीय म्हणजे स्त्रीसत्ताक, असा समज आपल्याकडील काही क्रमिक पुस्तकांतूनही डोकावतो. तो बरोबर नाही. कुळाचा कारभार 'मामक' म्हणजे मामा पाहतो. जमीन स्त्रियांची असली तरी मामाला वगळून तिचा व्यवहार होत नाही, आणि स्त्रियांची संमती नसेल तर मामालाही तो करता येत नाही. कुळाची जमीन विकणे परंपरेला मान्यच नाही. ती गहाण ठेवण्यास मात्र चार प्रसंगी मुभा आहे : घरात प्रेत असून अंत्यविधीस पैसा नसणे, उपवर मुलीचे लग्न अडणे, मोठ्या घराचे छप्पर गळू लागणे आणि कुळप्रमुखाचे रिकामे पद भरावयाचे असणे. पैसे फेडले की जमीन परत येते. स्वकष्टार्जित मालमत्तेचा प्रकार निराळा. १९५२ साली बुकिटिंग्गी येथे धर्मपंडित व परंपरेचे जाणकार यांनी कुळाच्या जमिनीस रूढी आणि स्वकष्टार्जित मालमत्तेस इस्लामी वारसा नियम लागू करण्याचे मान्य केले.

जपानी समाजशास्त्रज्ञ त्सुयोशी कातो यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मातृवंश आणि स्थलांतर यांचा परस्परसंबंध विस्ताराने तपासला आहे. त्यातील तर्क साधा आहे. पुरुषाला गावात बांधून ठेवील अशी जमीनच नाही, म्हणून तो जाऊ शकतो. आणि मागे राहणारीच्या हाती जमीन आहे, म्हणून त्याच्या जाण्याने घर उघडे पडत नाही.

हा तर्क घेऊन सफाळ्याकडे पाहिले असता चित्र उलटे दिसते.

पश्चिम रेल्वेवर वैतरणा आणि केळवे रोड या स्थानकांमध्ये असलेले सफाळे हे तांदूळवाडी, एडवण, दातिवरे, जलसार आदी गावांचे बाजाराचे व दळणवळणाचे केंद्र आहे. रेल्वे आली एकोणिसाव्या शतकातच. परंतु उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये. जलसारहून खाडीपलीकडे विरारला जाण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये रो-रो बोट सुरू झाली, तोपर्यंत वाहनाने महामार्गाचा लांब वळसा घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. वाडवळ, भंडारी, कुणबी, आगरी, मांगेला, वारली, मल्हार कोळी, कातकरी अशी या पट्ट्यातील वस्ती मिश्र आहे.

येथील पुरुषाचा 'मरांताऊ' रोजचा आहे. पहाटेच्या गाडीने मुंबई, वसई-विरार किंवा उलट दिशेने बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जायचे आणि रात्री परतायचे. तो दिवसभर गावात नसतो. सातबारावर मात्र बहुधा त्याचेच नाव असते. पेरणी, लावणी, बेणणी, वाडीतले शिंपणे ही कामे ज्या हातांनी होतात त्या हातांचा कागदाशी संबंध क्वचितच येतो. शिवाय येथील स्त्री केवळ मागे राहणारी नाही. मांगेला समाजात मासे पुरुष आणतो, विकते ती बाई, आणि टोपली घेऊन गाडी पकडणेही तिच्याच वाट्याला येते. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळीसारख्या रानभाज्या बाजारात आणणाऱ्या आदिवासी स्त्रियांचेही तसेच. वारली व कातकरी कुटुंबांचा प्रवास तर हंगामी असतो. दिवाळीनंतर नवरा-बायको मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात आणि पावसापूर्वी परततात.

कायद्याने मुलीला वाटा नाही असे नव्हे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तोवर अविवाहित असलेल्या मुलींना सहदायकाचा दर्जा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची अट गेली. या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. परंतु कायदा आणि तलाठी कार्यालय यांच्यामध्ये हक्कसोडपत्र उभे असते. वडील गेल्यावर वारस नोंदीत बहिणींची नावे लागतात आणि काही काळाने त्या दुय्यम निबंधकापुढे सही करून भावांच्या लाभात वाटा सोडतात. नोंदणीकृत हक्कसोड सहसा मागे घेता येत नाही. बहीण सही का करते? लग्नात खर्च झाला, हे सांगितले जाणारे कारण. न सांगितले जाणारे कारण असे की, वाटा मागितला तर माहेर तुटते, आणि सासरी काही बिनसले तर परतण्यासाठी तिला तेवढीच एक जागा असते. मिनांगकाबाऊ स्त्रीला असा सौदा करावा लागत नाही, कारण तिचे माहेर हेच तिचे घर असते.

जमीन केवळ भाताची होती तोवर या सहीची किंमत मर्यादित होती. समर्पित मालवाहतूक मार्ग, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन व द्रुतगती महामार्ग यांसाठी पालघर जिल्ह्यात भूसंपादन झाले आणि मोबदला अधिकार अभिलेखातील नावांप्रमाणे हिशेबात येऊ लागला. ज्या बहिणीने आधीच सही केली तिला संपादनाची नोटीसही येत नाही.

वारली स्त्रीची स्थिती आणखी अवघड आहे. या समाजात लग्न लावते ती 'धवलेरी' ही स्त्री. वराकडून वधूपित्यास देज देण्याची रीत. देज देणे शक्य नसल्यास सासऱ्याच्या घरी राहून काम करणारा घरजावईही परंपरेला परिचित. विधीत स्त्रीला इतके स्थान असूनही हिंदू वारसा कायद्याच्या कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना तो कायदा लागू नाही आणि वारसा रूढीवर सोडलेला आहे. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ पासून कडक प्रतिबंध आहे. तो आवश्यकच होता. मात्र जमिनीला जमातीबाहेर जाण्यापासून वाचविणारा हा कायदा जमातीच्या आत मुलीला काय मिळावे याविषयी काहीही बोलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेटी खटल्यात वारसा कायदा आदिवासी स्त्रीला लागू करण्यास नकार देऊन केंद्र शासनाने बदलाचा विचार करावा असे सुचविले. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मात्र त्याने निराळी दिशा घेतली. मुलीला वगळणारी रूढी आहे असे जो म्हणतो त्याने ती सिद्ध करावी. ती सिद्ध न झाल्यास समान वाटा द्यावा लागेल. येथील वारस नोंदींच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे, कारण 'आमच्यात मुलींना देत नाहीत' हे विधान आजवर पुराव्यावाचून स्वीकारले जात आले.

या परिसरात मिनांगकाबाऊ कुळजमिनीच्या सर्वांत जवळ जाणारा कागद २००६ च्या वनहक्क कायद्याने आला आहे. कलम ४(४) नुसार वनहक्क वारसाने मिळतो, विकता येत नाही, आणि विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो. वीटभट्टीवर गेलेल्या जोडप्याच्या मागे गावात तो दोघांच्या नावे राहतो. त्या दोघांनंतर तो मुलाकडे जाईल की मुलीकडे, हे मात्र त्या कलमात सांगितलेले नाही.