माथेरान : शार्लोट तलावाकाठची वस्ती

माथ्यावरचे रान ते माथेरान. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. माथेरानला माणूस उन्हाळा चुकवण्यासाठी चढला आणि पाण्याची सोय त्याला मागाहून करावी लागली. डोंगरउतारांवर धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून होतेच, त्यामुळे 'शोध लावला' हा शब्द जपूनच वापरावा. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाकडून वर आले आणि त्यानंतर येथे बंगले उठू लागले. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत रेल्वे झाली आणि नेरळ ही पायथ्याची वाट ठरली.

पाऊस येथे धो धो कोसळतो. पण कडे उभे असल्याने पाणी तितक्याच वेगाने खाली धावते. पावसाळा सरला की टंचाई. म्हणून बांध घालून अडवलेला शार्लोट तलाव हा वस्तीचा खरा आधार. त्याच्या काठीच ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर आहे.

बंगले मुंबईकरांचे, पण गाव वसले ते त्यांची कामे करणाऱ्यांचे : घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे, दुकानदार. येथल्याच एका नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये विठ्ठल ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. पर्यटकांच्या नकाशात 'पॉइंट' पुष्कळ असतात, हे नाव मात्र सहसा नसते.

नेरळहून वर येणारी दोन फूट रुंदीची रेल्वे आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०७ मध्ये पूर्ण झाली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त केला; गाडी २००७ मध्ये पुन्हा धावली.

मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे बंदी आहे. २००३ मध्ये केंद्राने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मात्र टिकून राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.