सर्पगंधेच्या मुळातील स्फटिक

(औषधी वनस्पतींचा उपयोग आपल्या देशात फार पूर्वीपासून होत आला आहे. पण वनस्पतीतील नेमका कोणता घटक गुण देतो, हे शोधून काढण्यासाठी पुष्कळ कष्ट आणि चिकाटी लागते. सर्पगंधा या वनस्पतीच्या बाबतीत हा शोध कसा लागला, त्याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणाला सर्दी-खोकला झाला, की तुमची दादी किंवा नानी जोशांदा उकळते. शेजारच्या घरातील आजी तुळस, आले आणि मिरे घालून काढा करते. पोट दुखू लागले, की चिमूटभर ओवा हातावर ठेवला जातो. ही औषधे कोणी पुस्तकात वाचून शिकले नाही. एका पिढीने ती दुसऱ्या पिढीला सांगितली. पण तुम्ही कधी विचार केला आहे का, की त्या पानात किंवा मुळात असे काय असते, ज्यामुळे दुखणे कमी होते? ते किती घ्यावे? जास्त घेतले तर काय होईल?

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. झाडाला पळता येत नाही. किडा पान कुरतडू लागला किंवा जनावर चरायला आले, तर झाडाला जागच्या जागीच स्वतःचे रक्षण करावे लागते. म्हणून पुष्कळ झाडे आपल्या पानांत, सालीत किंवा मुळांत कडू, उग्र, कधीकधी विषारी पदार्थही तयार करतात. कडुनिंबाचे पान कडू का लागते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. अशा पदार्थांपैकी काहींचा परिणाम माणसाच्या शरीरावरही होतो. योग्य प्रमाणात घेतले तर त्यांतील काही पदार्थ औषध ठरतात आणि प्रमाण चुकले तर तेच पदार्थ अपाय करतात.

सर्पगंधा ही अशीच एक वनस्पती आहे. हिमालयाच्या पायथ्याशी आणि सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या जंगलात ती वाढते. तिचे झुडूप लहान, साधारण कमरेएवढे असते. देठावर एकाच ठिकाणी तीन-तीन पाने येतात. फुले पांढरी किंवा गुलाबीसर असतात, तर पिकलेली फळे काळसर जांभळी दिसतात. पण तिचे खरे महत्त्व जमिनीखाली आहे. तिचे मूळ वेडेवाकडे, सापासारखे असते आणि चवीला अतिशय कडू लागते. वैद्य तिला सर्पगंधा म्हणत. युनानी हकीम तिला असरोल म्हणत. झोप न येणाऱ्या आणि मन बिघडलेल्या रोग्यांना ते या मुळाची पूड देत. बिहारमध्ये तर तिला ‘पागल की दवा’ असे नावच पडले होते.

लोकांचा हा अनुभव खरा होता का? खरा असेल, तर त्यामागचे कारण काय होते? हे प्रश्न एका मोठ्या माणसाच्या मनात घोळत होते. ते म्हणजे दिल्लीचे हकीम अजमल खान. हकीमसाहेब नामवंत युनानी वैद्य होते आणि स्वातंत्र्यचळवळीचे पुढारीही होते. १९२१ साली अहमदाबादला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांच्या दिल्लीतील तिब्बिया कॉलेजचे उद्‌घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. या कॉलेजात आयुर्वेद आणि युनानी ही दोन्ही शास्त्रे शिकवली जात. जुन्या औषधांवर हकीमसाहेबांचा विश्वास होता, पण तो आंधळा नव्हता. ही औषधे आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर पारखून घ्यावीत, असे त्यांना वाटे. त्यासाठी कॉलेजात संशोधनाची सोय करायची त्यांची इच्छा होती.

हे काम कोण करणार? सलीमुज्जमान सिद्दिकी हा तरुण त्या वेळी जर्मनीत रसायनशास्त्र शिकत होता. त्याचा जन्म १८९७ साली बाराबंकी जिल्ह्यात झाला होता. अलीगढला त्याने तत्त्वज्ञान आणि फारसीचा अभ्यास केला. त्याला चित्रकलेची फार आवड होती. पुढे त्याने रसायनशास्त्राची वाट धरली आणि १९२७ साली फ्रँकफर्ट येथे डॉक्टरेट मिळवली. पण त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात हकीमसाहेबांचे निधन झाले. ज्यांनी हे स्वप्न पाहिले, ते ते पुरे झालेले पाहू शकले नाहीत. तरीही सिद्दिकी मागे हटले नाहीत. १९२८ साली त्यांनी तिब्बिया कॉलेजात संशोधन संस्था उभी केली. त्यांनी अभ्यासासाठी घेतलेल्या वनस्पतींत सर्पगंधा होती.

मुळातून औषधी घटक वेगळा कसा करतात, ते आता पाहू. तुम्ही चहा करता तेव्हा पानांतील रंग, वास आणि चव पाण्यात उतरते. चोथा गाळणीत राहतो. प्रयोगशाळेतही पहिली पायरी अशीच असते. वाळलेल्या मुळाची पूड अल्कोहोलात भिजत ठेवतात. मुळातील पुष्कळ पदार्थ अल्कोहोलात उतरतात. मग अल्कोहोल उडवून टाकले, की दाट, चिकट अर्क उरतो. या अर्कात अनेक पदार्थ एकत्र मिसळलेले असतात. त्यांतील अल्कलॉइड नावाचे पदार्थ आम्लाच्या पाण्यात विरघळतात. त्या पाण्यात अल्कली घातली, की ते साका होऊन खाली बसतात. हा साका पुन्हा पुन्हा विरघळवून आणि शुद्ध करून शेवटी स्फटिक मिळवावे लागतात. साखरेच्या पाकातून खडीसाखर कशी तयार होते, हे तुम्ही पाहिले असेल. हेही तसेच आहे, पण कितीतरी अवघड आणि वेळ घेणारे आहे.

अखेर १९३१ साली सिद्दिकींना यश आले. सर्पगंधेच्या मुळातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अल्कलॉइडे वेगळी केली. काहींचे स्फटिक पांढरे होते, काहींचे पिवळे. पांढऱ्या स्फटिकांपैकी एकाला त्यांनी नाव दिले ‘अजमलीन’. हकीम अजमल खान यांचे नाव अशा रीतीने रसायनशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले. शिष्याने गुरूचे ऋण किती सुंदर रीतीने फेडले, पाहा!

पण गोष्ट येथे संपत नाही. त्याच वर्षी बंगालमधील दोन वैद्यकतज्ज्ञ, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस, यांनी एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. सर्पगंधेच्या मुळाने वाढलेला रक्तदाब उतरतो, असे त्यांना रुग्णांवर दिसले होते. मग हा गुण कोणत्या घटकाचा? अजमलीनमध्ये तो पुरेसा दिसेना. इतर स्फटिकांतही त्याचे पूर्ण उत्तर मिळेना. १९४०च्या दशकात भारतीय संशोधकांना एक वेगळीच गोष्ट आढळली. अल्कलॉइडे काढून घेतल्यावर राळेसारखा चिकट भाग उरतो. रोग्याला शांत करण्याचा गुण त्या भागात होता. निरुपयोगी समजून जो भाग बाजूला ठेवला, त्यातच उत्तर दडलेले होते.

दरम्यान मुंबईत एक डॉक्टर शांतपणे आपले काम करत होते. डॉ. रुस्तम जाल वकील हे त्यांचे नाव. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ते हृदयरोगतज्ज्ञ होते. वाढलेल्या रक्तदाबावर पोटात घेण्याजोगे चांगले औषध त्या काळी जवळजवळ नव्हतेच. वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधा दिली. औषधापूर्वीचा आणि औषधानंतरचा रक्तदाब मोजून त्यांनी काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या. १९४९ साली त्यांचा लेख ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या भारतीय मुळाकडे वेधले गेले. १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्काराने गौरवण्यात आले.

चिकट भागातील तो घटक १९५२ साली हाती लागला. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरातील संशोधकांनी तो वेगळा केला. त्याला रेसर्पिन म्हणतात. दिवसाला पाव मिलिग्रॅमएवढ्या अल्प मात्रेतही ते परिणाम करते. म्हणजे एका ग्रॅमच्या चार हजार मात्रा होतात! आता विचार करा, मुळाची चिमूटभर पूड घेतली, तर तिच्यात रेसर्पिन किती आले, हे कोणाला सांगता येईल? दोन झाडांच्या मुळांत त्याचे प्रमाण सारखे नसते. शुद्ध घटक वेगळा केला, की मात्रा मोजून देता येते. घटक वेगळा करण्याचा मोठा फायदा हाच आहे.

रेसर्पिन काम कसे करते? आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी अगदी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत निरोप पोचवणारी रसायने साठवलेली असतात. त्यांतील एक रसायन रक्तवाहिन्यांना आवळायला सांगते. वाहिन्या आवळल्या, की रक्ताचा दाब वाढतो. रेसर्पिन या पिशव्यांत रसायन साठू देत नाही. साठा रिता होतो, वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. मेंदूतही असेच घडते, म्हणून रोगी शांत होतो. ‘पागल की दवा’ या नावामागचे कारण हे होते.

परंतु याच कारणाने धोकाही निर्माण होतो. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना सुस्ती येई, नाक चोंदे. काहींचे मन इतके उदास होई, की औषध बंद करावे लागे. पुढे अधिक सुरक्षित औषधे निघाली आणि रेसर्पिनचा वापर फार कमी झाला. अजमलीन मात्र वेगळ्याच कामाला आले. हृदयाच्या ठोक्यांचा एक छुपा आणि जीवघेणा दोष असतो. तो उघड करण्याच्या चाचणीसाठी युरोपातील अनेक रुग्णालयांत आज अजमलीन वापरतात. दिल्लीत मिळालेले ते पांढरे स्फटिक आजही कोणाचा तरी जीव वाचवत आहेत.

सिद्दिकींनी १९४२ साली कडुनिंबाच्या तेलातूनही निंबिन आणि इतर कडू घटक वेगळे केले. १९५१ साली ते पाकिस्तानात गेले आणि १९९४ साली कराचीत त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्यांची प्रयोगशाळा सुटली नाही.

आणि सर्पगंधेचे काय झाले? मुळासाठी अख्खे झुडूप उपटावे लागते. मागणी वाढली तशी जंगलातील सर्पगंधा झपाट्याने कमी होऊ लागली. शेवटी १९९० साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. आता तिची लागवड शेतात करतात. ज्या झाडाने आपल्याला औषध दिले, त्याला जगवणे हे आपलेही काम नाही का?

मित्रांनो, दादीचा जोशांदा हसण्यावारी नेऊ नका. त्यामागे शेकडो वर्षांचा अनुभव आहे. पण ‘झाडपाल्याचे औषध कधी अपाय करत नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. साप चावला, तर मूळ उगाळत बसू नका. रोग्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. एखादे पान किंवा मूळ गुणकारी आहे असे ऐकले, की हकीमसाहेबांनी विचारले तसे तुम्हीही विचारा : यात काय आहे? किती घ्यायचे? अपाय काय? असे प्रश्न विचारणारा एखादा मुलगा किंवा मुलगी कदाचित तुमच्याच वर्गात बसलेली असेल.

शब्दार्थ
स्फटिक – खडीसाखरेसारखा नियमित आकाराचा घन खडा
अर्क – वनस्पतीतून काढलेले सत्त्व
साका – पातळ पदार्थात तळाशी बसलेला गाळ
राळ – झाडाचा चिकट डिंकासारखा पदार्थ
ऋण – कर्ज, उपकार
मात्रा – औषधाचे एका वेळचे प्रमाण

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सर्पगंधेला युनानी हकीम काय म्हणत?
(आ) ‘अजमलीन’ हे नाव कोणाच्या स्मरणार्थ दिले?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शुद्ध घटक वेगळा केल्याने कोणता फायदा होतो?
(आ) रेसर्पिनचा वापर कमी का झाला?
३. तुमच्या घरी वापरल्या जाणाऱ्या एका औषधी वनस्पतीची माहिती घरातील मोठ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.