वीज-गॅसचे नियम झाले सोपे, पण गावात माहीत कुणाला? मीटर, बिल अन् सिलिंडरबाबत ग्राहकाचे हक्क समजून घ्या

नवीन मीटर घ्यायचं म्हटलं की गावाकडं आधी एजंट शोधला जातो. कागद किती लागतात, मीटर किती दिवसांत मिळायला हवं, हे माहीत नसल्यानं खिशाला चाट बसते. खरं तर केंद्र सरकारनं 2020 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढून बऱ्याच गोष्टी सोप्या केल्या आहेत.

नवीन जोडणी
10 किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला अर्जासोबत दोनच कागद पुरतात. एक ओळखीचा पुरावा अन् दुसरा घराच्या मालकीचा किंवा ताब्याचा. ग्रामीण भागात जोडणीची मुदत आधी 30 दिवस होती, 2024 च्या दुरुस्तीनं ती 15 दिवसांवर आली. डोंगराळ भागात मात्र 30 दिवसच आहेत. मुदत पूर्ण अर्ज दिल्यापासून मोजतात, म्हणून तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.

अंदाजे बिल
रीडिंग न घेता सरासरीचं बिल वर्षातून दोनपेक्षा जास्त वेळा देता येत नाही. नैसर्गिक आपत्तीसारखं कारण नसताना त्यापुढंही तसंच बिल आलं, तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो.

लाइन तोडायला आले तर?
वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. तोंडी सांगणं म्हणजे नोटीस नव्हे. बिल चुकीचं वाटत असेल, तर मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली जी कमी असेल ती लेखी निषेध नोंदवून भरावी. मग वाद मिटेपर्यंत लाइन तोडता येत नाही. बरेच जण रागात बिलच भरत नाहीत, अन् तिथंच बाजू लंगडी पडते.

दाद कुठं मागायची?
आधी महावितरणकडं तक्रार (1912 वर किंवा कार्यालयात लेखी), मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच अन् त्यानंतर विद्युत लोकपाल. वकील लावायलाच हवा असं नाही.

गॅसचं काय?
विजेवर राज्याचा विद्युत नियामक आयोग लक्ष ठेवतो. सिलिंडरला मात्र जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा 2000 सालचा केंद्राचा आदेश लागू आहे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज करून सिलिंडर दारातच वजन करून मागा. पावतीपेक्षा जास्त पैसे द्यायची गरज नाही. एजन्सीकडूनच शेगडी घ्यायची सक्ती करता येत नाही. गळती झाली तर 1906 वर फोन करा.

नियम कितीही सोपे झाले तरी हातात कागद नसेल तर ते ग्राहकाच्या कामाला येत नाहीत. म्हणून अर्जाची पोच, बिलं अन् मीटरच्या रीडिंगचा फोटो जपून ठेवा.