त्वचारोगांची माहिती : वाचली, पण समजली का?

अंगावर चट्टा दिसला की हल्ली आपण डॉक्टरांच्या आधी इंटरनेटला विचारतो. पण तिथली माहिती रुग्णाला कितपत समजते?

इंग्रजी मजकूर किती अवघड आहे हे मोजणारे फ्लेश-किंकेड सूत्र १९७५ साली अमेरिकी नौदलासाठी तयार झाले. वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चारी अक्षरे किती, एवढेच ते पाहते. रुग्णांसाठीचे लिखाण सहावीच्या मुलाला कळावे, अशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस आहे.

मी सॉफ्टवेअर अभियंता, त्यामुळे मोजमापावर माझा विश्वास. तरीही सूत्राला अर्थ कळत नाही. 'श्वेतकुष्ठ' हा शब्द घ्या. वाचायला सोपा, पण वाचणाऱ्याला कुष्ठरोग आठवतो आणि तो हादरतो. खरे तर कोडाचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करते. ते स्पर्शाने पसरत नाही. तरीही या गैरसमजापायी ठरलेली लग्ने मोडतात. 'नितळ' (२००६) हा मराठी चित्रपट याच विषयावर आहे.

माहिती वाचताना तीन प्रश्नांची उत्तरे शोधा : रोग कशामुळे होतो? दुसऱ्याला लागतो का? डॉक्टरांकडे केव्हा जावे?

कोड असलेल्यांनी बौशरच्या उन्हात पूर्ण बाह्यांचे कपडे व सनस्क्रीन वापरावे, कारण रंग गेलेली त्वचा लवकर भाजते. आणि चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर वाचत बसू नका, लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि तोही औषधांनी पूर्ण बरा होतो.